माझ्यासाठी काही आलंय का?

ही गोष्ट खरी आहे.

या पेजवर प्रत्येक जण असंच लिहितो, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः तीन वर्षं इथल्या कथा वाचून खाली हसण्याचे इमोजी टाकलेत. त्यामुळे तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझं नाव वल्लरी. मूळची नागपूरची. २०२३ साली मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत होते. गाव म्हणजे युनिव्हर्सिटी, कॅम्पसच्या बस आणि सहा महिने बर्फ. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये मी आणि सावनी राहायचो. सावनी कोल्हापूरची, पीएचडीच्या पाचव्या वर्षाला. मी मास्टर्सला.

तारीख २६ फेब्रुवारी. रविवार. दुपारचे दोन.

हो, दुपारचे. भुतं रात्रीच येतात असं मलाही वाटायचं.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला कॅम्पसवर एका प्रोफेसरांकडे पार्टटाइम काम मिळालं होतं. अमेरिकेची एक जुनी अणुपाणबुडी होती, बॅलिस्टिक मिसाइलवाली. तिच्यावर नोकरी केलेल्या म्हाताऱ्या लोकांना तिचा इतिहास छापायचा होता. साठच्या दशकात ती पाण्यात उतरली, स्कॉटलंडच्या तळावरून साठ-सत्तर फेऱ्या केल्या, मधे तिची मिसाइलं बदलली, ब्याण्णव साली ती निवृत्त झाली आणि मग पश्चिम किनाऱ्यावर नेऊन कापली. या सगळ्याबद्दल त्या लोकांनी कॅसेट भरून ठेवल्या होत्या. मी त्या ऐकून टाइप करायची. बोटीचं नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांची घरंदारं अजून आहेत.

कॅसेटमधला मुख्य आवाज मिस्टर व्हर्नन यांचा. वय एकोणऐंशी. बोटीवर ते रेडिओमन होते आणि आता आमच्याच गावात राहायचे. माणूस भयंकर फटकळ. पहिल्या भेटीत मला म्हणाले, हा कोट तुला अजिबात शोभत नाही. मी घरी येऊन सावनीसमोर त्यांना भरपूर नावं ठेवली होती.

त्या रविवारी सकाळी अकरा वाजता मला एक फोन आला. भारतातला नंबर.

आपल्याकडे एक पद्धत आहे बघा. मुलगी अमेरिकेला निघाली की आई तिच्या रूममेटचा नंबर लिहून घेते. ‘असू दे, अडीअडचणीला.’ सावनीच्या आईकडे माझा होता. माझ्या घरी सावनीचा होता.

फोनवर सावनीचा प्रसादमामा होता.

“वल्लरी, सावनी जवळ आहे काय?”

“नाही मामा, लॅबमध्ये गेलीय. शुक्रवारी डिफेन्स आहे ना तिचा, पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा.”

“तेच गं पोरी... तिच्या बाबांना काल अ‍ॅटॅक आला. आयसीयूत आहेत. शुद्धीवर आहेत, बोलतात. पण डॉक्टर काही नक्की सांगत नाहीत.”

मी फोन कानाला घट्ट धरला.

“तिला शुक्रवारपर्यंत काही कळू द्यायचं नाही,” मामा म्हणाले. “कळलं तर ती पहिल्या विमानानं येईल. व्हिसाचा शिक्का संपलाय तिचा. एकदा आली की परत कधी जायला मिळेल सांगता येत नाही. पाच वर्षांची मेहनत आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तिला सांगितलंय की बाबा गावाकडं गेलेत, तिथं रेंज नाही. तू फक्त संशय येऊ देऊ नकोस.”

“ते... ते विचारतात का तिला?”



“सकाळ-संध्याकाळ विचारतात. सावनीचा फोन आला का म्हणून. आम्ही सांगतो, परीक्षा आहे तिची.”

मी बरं म्हटलं. मोठी माणसं ठरवतात आणि आपण बरं म्हणतो.

दुपारी दोन वाजता मी खोलीचं दार लावून कॅसेट लावली. कानाला हेडफोन. मन लागत नव्हतंच.

अचानक हेडफोनमधला आवाज बारीक झाला.

मी हेडफोन काढले. आणि मला कळलं की नुसती कॅसेटच नाही...

घरातला प्रत्येक आवाज थांबला होता.

फ्रिजची घरघर नाही. हीटरचा फूं फूं आवाज नाही. वरच्या मजल्यावरच्या चिनी मुलाच्या खुर्चीची करकर नाही. कानात दडे बसले, विमान उतरताना बसतात तसे.

आणि मग...

टक. टक.

थोडं थांबून, टक.

माझ्या खोलीच्या दारावर.

“सावनी? आलीस का?”



मी दार उघडलं. हॉल रिकामा. बाहेरच्या दाराला आतून कडी. फक्त एक वास होता. मशीनचं तेल, तळण आणि खूप दिवस झाकण न काढलेला डबा, असा काहीतरी एकत्र वास.

तेवढ्यात फ्रिज पुन्हा घरघरायला लागला. वास गेला.

सकाळच्या फोनने माझं डोकं ठिकाणावर नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी केस विंचरत होते. पुन्हा सगळे आवाज थांबले. पुन्हा कानात दडे.

टक. टक... टक.

सावनी साडेसातलाच बस पकडून गेली होती.

त्यानंतर रात्री दोन वाजता. झोपेतून दचकून उठले ते त्या शांततेनेच. ठोके पडले तेव्हा पांघरुणात तोंड खुपसून मी रामरक्षा म्हणत होते. चार ओळींपुढे येत नाही, म्हणून त्याच चार ओळी परत परत.

मंगळवारी रात्री आठला मात्र सावनी घरीच होती. हॉलमध्ये सोफ्यावर बसून ती प्रेझेंटेशनची प्रॅक्टिस करत होती. माझ्या दाराच्या बरोबर समोर. मी आत होते. दाराच्या फटीतून तिचा आवाज येत होता, स्लाइड नंबर बारा, स्लाइड नंबर तेरा...

तिचा आवाज मधेच तुटला.

शांतता.

टक. टक... टक.

मी दार जवळजवळ उपटलंच. सावनी जागच्या जागी बसलेली. तोंड हलत होतं तिचं, आणि पुढच्याच क्षणी आवाज परत आला.

“दार तू वाजवलंस?”

“नाही यार. मी इथून हललेच नाहीये. का गं?”

“इथे कोणी आलं होतं?”

“वल्लरी, डिफेन्स माझा आहे. टेन्शन तू का घेतेस?” ती हसली. मग म्हणाली, “ऐक ना, बाबांचा फोन अजून लागत नाहीये. चार दिवस कोण गावाला राहतं? त्यांना तर तिथे एक दिवस करमत नाही.”

मी म्हटलं, लागेल गं, रेंज नसेल.

बुधवारी दुपारी मी नवी कॅसेट लावली. मिस्टर व्हर्नन बोटीवरच्या रोजच्या आयुष्याबद्दल सांगत होते. ते बोलायचे इंग्रजीत, मी मराठीत लिहितेय.

“पाण्याखाली सूर्य नसतो. आमचा दिवस चोवीस तासांचा नव्हता. सहा तास ड्युटी, बारा तास सुट्टी. असा अठरा तासांचा एक दिवस. सत्तर सत्तर दिवस असंच.”

माझा टाइप करणारा हात थांबला.

रविवारी दुपारी दोन. सोमवारी सकाळी आठ. मग रात्री दोन. मग मंगळवारी रात्री आठ.

मी बोटांवर मोजलं. परत मोजलं.

अठरा. अठरा. अठरा.

पुढची वेळ म्हणजे बुधवारी दुपारी दोन. भिंतीवरच्या घड्याळात दोनला एक मिनिट कमी होतं.

मी कोट उचलला, चप्पल घातली का बूट तेही पाहिलं नाही, आणि बाहेर पळत सुटले. जिना उतरताना पाठीमागे सगळी बिल्डिंग गप्प झाली. मी मागे वळून पाहिलं नाही.

मिस्टर व्हर्नन यांचं घर बसने पंधरा मिनिटांवर. दार उघडून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बर्फात मी चपलांवर आले होते.

“दारावर कोणीतरी वाजवतं,” मी म्हटलं. “दोनदा, थांबून एकदा. दर अठरा तासांनी.”

त्यांनी काय झालं, कुठे, कसं, काही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं.

“कोणाची बातमी दाबून ठेवली आहेस?”

मला रडू फुटलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी करून दिली आणि समोर बसले.

“तो डेल आहे,” ते म्हणाले. “माझ्याबरोबर बोटीवर होता. इंजिनरूममध्ये.”

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच कॅसेटवर नव्हतं.

मिसाइलवाली पाणबुडी समुद्रात लपून राहते. तिला बाहेरचे मेसेज ऐकू येतात, पण ती उलट बोलू शकत नाही. बोलली तर शत्रूला तिचा ठिकाणा कळतो. घरच्यांना एका फेरीत मोजकेच निरोप पाठवता यायचे, प्रत्येकी वीसेक शब्दांचे. त्याला फॅमिलीग्राम म्हणत. त्यात वाईट काही लिहायचं नाही असा दंडकच. आणि घरी कोणी गेलंच, तर ती बातमी फक्त कॅप्टन आणि रेडिओमनला कळायची. कॅप्टन ती तिजोरीत ठेवायचा. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत.

“कारण त्या माणसाला परत पाठवताच येत नाही,” मिस्टर व्हर्नन म्हणाले. “मग सांगून काय करायचं? आम्हाला ते अगदी शहाणपणाचं वाटायचं.”

१९७४ च्या एका फेरीत एकोणिसाव्या दिवशी निरोप आला. डेलची चार वर्षांची मुलगी गाडीखाली गेली होती.

कॅप्टनने कागद तिजोरीत टाकला. फेरीचे पन्नास दिवस उरले होते.

“रेडिओरूमचं दार कायम बंद असायचं. आत यायची कोणाला परवानगी नव्हती. डेल ड्युटी संपली की यायचा. दर अठरा तासांनी. दोन ठोके, मग एक. मी फटीतून बघायचो. तो विचारायचा, ‘एनीथिंग फॉर मी?’ माझ्यासाठी काही आलंय का? मी सांगायचो, आज नाही. त्याची बायको कशाला लिहील? ती काय लिहिणार? बाकी सगळ्यांना निरोप येत होते. त्यालाच येत नव्हते. तो वाळत चालला होता.”

मिस्टर व्हर्नन यांनी कप खाली ठेवला. 

“मग मी एक गोष्ट केली. त्याची मला दया आली म्हणून केली. मी स्वतःच एक फॅमिलीग्राम टाइप केला. ‘आम्ही मजेत. पिल्लू सायकल शिकलं. तुझी आठवण काढतं.’ आणि त्याला दिला.”

ते पुढे सांगत राहिले.

“त्या कागदाची घडी करून तो खिशात ठेवायचा. जेवताना काढून वाचायचा. बोट वर आली त्या दिवशी कॅप्टनने त्याला बोलावून घेतलं. अर्ध्या तासाने माझ्या दारावर ठोके पडले. मी उघडलं. त्याने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. वरच्या तारखेवर बोट ठेवलं. एक शब्द बोलला नाही. पुढच्या फेरीला तो आलाच नाही. स्कॉटलंडच्या धक्क्यावर त्याचे बूट मिळाले. माणूस मिळाला नाही.”

त्यानंतर बोट अठरा वर्षं चालली. माणसं बदलली. डेलचं नावही न ऐकलेले रेडिओमन आले. त्यांतल्या नऊ जणांनी म्हातारपणी मिस्टर व्हर्ननना एकच गोष्ट सांगितली. दारावर दोन ठोके, मग एक. बाहेर कोणी नाही. आणि प्रत्येक वेळी तिजोरीत कोणाची तरी बातमी पडलेली.

“पण बोट तर कापली ना?” मी विचारलं.

“लोखंड कापलं,” ते म्हणाले. “माझ्या बायकोचा कॅन्सरचा रिपोर्ट मी चार दिवस तिच्यापासून लपवला होता. ख्रिसमस होता म्हणून. तेव्हा तो माझ्या किचनच्या दारावर आला. मी दार उघडून ओरडलो, डेल, तुझी मुलगी गेली रे, मला माफ कर. पण बाहेर कोणी नसतं. ज्याला सांगायचं होतं त्याला मी आता सांगू शकत नाही. तेव्हापासून मी कोणापासून काही लपवत नाही. लोक उद्धट म्हणतात. म्हणू दे.”

निघताना त्यांनी माझा हात धरला. “आजच सांग तिला. उद्या नाही. आज.”

मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते.

घरी पोचायच्या आत मामांचा फोन आला. बाबांना श्वास घ्यायला त्रास होत होता. व्हेंटिलेटर लावला होता, घशात नळी घातली होती. आता बोलणं बंद. मी म्हटलं, मामा, मी आज सावनीला सांगतेय. मामांनी फोन काकूंकडे दिला.

सावनीच्या आईचा आवाज ओळखू येत नव्हता.

“वल्लरी, एकच दिवस राहिलाय गं. त्यांनीच तिला शिकवलं. तिच्या नावापुढं डॉक्टर लागलेलं त्यांना बघायचंय. आता मोडू नकोस. तुला माझी शपथ आहे.”

शपथ घातल्यावर आपण काय करतो? गप्प बसतो. मीही गप्प बसले. पण मला राग येत होता. मामांचा, काकूंचा, त्या म्हाताऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

गुरुवारी सकाळी आठला मी दाराच्या आत उभी होते. वाट बघत.

हीटर थांबला. फ्रिज थांबला. कान दडले.

टक. टक... टक.

मी लगेच दार उघडलं.

समोर सावनी उभी होती.

विस्कटलेले केस, डोळे लाल. तिच्या मागून तो वास येत होता. तेल, तळण, बंद डबा. तिला येत नसावा.

“मला कसंतरीच होतंय,” ती म्हणाली. “बाबा स्वप्नात आले. काही बोलत नव्हते, नुसते बघत होते. वल्लरी, खरं सांग हं. तुला घरून कोणाचा मेसेज वगैरे आलाय का? माझ्यासाठी काही आलंय?”



हाच तो क्षण होता. मी तोंड उघडलं. सांगायलाच उघडलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं...

“हो गं. काकूंचा आला होता सकाळी. तू झोपली होतीस. बाबा गावाहून बोलले त्यांच्याशी. म्हणाले, सावनीला सांग, घाबरू नकोस, मी पहिल्या रांगेत बसलोय असं समज.”

तिचा चेहरा असा खुलला की मला बघवेना.

“खरंच? असं म्हणाले?”

“हो.”

तिने मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला हॉल दिसत होता. रिकामा. पण बर्फाळ दिवसाच्या त्या उजेडात सोफ्यावरची उशी हळूहळू वर आली... कोणीतरी बसलेलं उठून जावं तशी.

त्यानंतरची वेळ शुक्रवारी पहाटे दोनची.

मी दिवा लावून पलंगावर बसले होते. दोनला सगळे आवाज थांबले. कान दडले. मी दाराकडे बघत राहिले.

ठोका पडला नाही.

एक मिनिट. दोन मिनिटं. दाराखालच्या फटीत सावली होती. दोन पायांची. ती हलत नव्हती.

मग ती वळली... आणि पावलं लांब गेली. हॉलमधून, बाहेरच्या दारातून, जिन्यावरून खाली. एकेक पाऊल मला नीट ऐकू आलं, कारण दुसरा कसलाही आवाज नव्हता.

फ्रिज सुरू झाला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन थरथरला. मामांचा मेसेज. एकच शब्द.

‘गेले.’

सकाळी दहाला डिफेन्स होता. मी गेले. पहिल्या रांगेत बसले. सावनी इतकी छान बोलली की तिचे गाइडसुद्धा मधे मधे मान हलवत होते. शेवटची स्लाइड आभाराची. त्यावर तिच्या बाबांचा फोटो होता, शाळेच्या व्हरांड्यात काढलेला. खाली तिने रात्रीत एक ओळ टाकली होती, मराठीत. तिने ती वाचली आणि सगळ्यांना इंग्रजीत समजावून सांगितली.

‘घाबरू नकोस, मी पहिल्या रांगेत बसलोय असं समज.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करणार होते?

दुपारी घरी आल्यावर मी तिला सांगितलं. ती रडली नाही. तिने आईला फोन लावला आणि फक्त एक प्रश्न विचारला, नळी कधी घातली. मग फोन ठेवून माझ्याकडे वळली.

“बुधवारी,” ती म्हणाली. “बुधवारपासून बाबांना बोलता येत नव्हतं. मग गुरुवारी ते कोण बोललं?”

मी तिला डेलबद्दल, त्या ठोक्यांबद्दल सांगितलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

“भुताच्या नावावर खपवू नकोस, वल्लरी. रविवारी सांगितलं असतंस तर मी व्हिडिओ कॉलवर बाबांशी बोलले असते. पोचले नसते, पण बोलले असते. चार दिवस होते माझ्याकडे.”

मी तिची बॅग कपाटावरून काढून दिली. 

ती त्याच संध्याकाळी निघाली. व्हिसासाठी चार महिने अडकली. परत आल्यावर तिला नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला नोकरी लागली. मी शिक्षण संपवून जर्सी सिटीला आले. वाढदिवसाला ‘हॅपी बर्थडे’ आणि ‘थँक्स’, एवढंच आमचं बोलणं उरलं. मिस्टर व्हर्नन मागच्या वर्षी गेले. पुस्तक छापून झालं. त्यात ही गोष्ट नाही.

माझ्या दारावर पुन्हा कधी ठोके पडले नाहीत. मीही व्हर्ननसारखीच झालेय. ऑफिसमध्ये लोक मला फटकळ म्हणतात.

आता हे सगळं आज का लिहितेय ते सांगते.

काल संध्याकाळी फोन वाजला. स्क्रीनवर सावनीचं नाव. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“वल्लरी, बसली आहेस का?”

“काय झालं?”

“आत्ता माझ्या दारावर...” तिचा श्वास लागला होता. “फ्रिज बंद पडला, एसी बंद पडला. मग दोन ठोके. मग एक. बाहेर कोणी नाही. मी दुसऱ्यांदा वाजण्याची वाट बघणार नाहीये. तुला लगेच फोन केला.”

मी विचारलं, “तू काय लपवते आहेस?”

“दुपारी तुझ्या सिद्धेशचा फोन आला होता,” ती म्हणाली. सिद्धेश माझा भाऊ. नागपूरला आईबाबांजवळ असतो. “म्हणाला, घरी जरा प्रॉब्लेम झालाय, पण वल्लरीचा गुरुवारी नव्या नोकरीचा फायनल राउंड आहे, तिने तुला काही विचारलं तर तू तिला सांभाळून घे. कोणाला काय झालंय ते त्याने मला सांगितलं नाही. मी खूप विचारलं. खरंच मला माहीत नाही. पण तू निघ. आत्ता निघ.”

मी सिद्धेशला फोन केला. तो हसत बोलला. सगळं ठीक आहे गं, तू इंटरव्ह्यूचं बघ. आईला दे म्हटलं तर ती देवळात गेलीय. बाबांना दे म्हटलं तर ते झोपलेत. तेव्हा नागपुरात पहाटेचे साडेपाच वाजले होते. आई कधीच त्या वेळी देवळात जात नाही, आणि बाबा त्या वेळी कधीच झोपलेले नसतात.

मी निघालेय हे मी त्याला सांगितलेलं नाही.

हे मी नेवार्कच्या एअरपोर्टवर, गेटसमोर बसून लिहितेय. गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय. दोघांपैकी कोण, ते मला माहीत नाही. बोलता येतंय का, तेही माहीत नाही.

दहा मिनिटांपूर्वी सिद्धेशचा मेसेज आला.

‘आई म्हणतेय, बाळा, काळजी करू नकोस, मी अगदी मजेत आहे. ऑल द बेस्ट.’

माझी आई मला बाळा म्हणत नाही. एकोणतीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. ती मला ‘ए भवाने’ म्हणते.

मी त्याला लिहिलं, ‘आईला फोन दे.’

ब्लू टिक आलीय. त्याने वाचलंय. बोर्डिंग सुरू झालं, तरी त्याचं उत्तर आलेलं नाही.